वर्डची फाईल कन्व्हर्ट करण्याआधी तिच्यातली चित्रं कशी तयार करायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की ३०० पानांचं एक मॅन्युअल वर्डमध्ये आहे, त्यात दीडशेच्या आसपास चित्रं आहेत, ते एचटीएमएल (वेब पान) आणि ईपब (ई-पुस्तकाची फाईल) दोन्हीत न्यायचंय, एकदा कन्व्हर्ट करून बघितलं तर काही चित्रं धूसर आली, काही आलीच नाहीत, काही ठिकाणी नुसता रिकामा चौकोन आला, आणि आता तुम्ही विचारताय की वर्डचं पान स्क्रीनवर मोठं करून स्क्रीनशॉट काढू का आणि तेच वापरू का.

नका काढू. दीडशे स्क्रीनशॉट काढण्यात दोन दिवस जातील आणि हातात जे येईल ते आत्ता आहे त्याच्यापेक्षा वाईट असेल, कारण स्क्रीनशॉटमध्ये स्क्रीनवर आहेत तेवढेच पिक्सेल येतात, मूळ फोटो ४००० पिक्सेलचा का असेना.

मी हे काम बरीच वर्षं करतोय, मॅन्युअल, रिपोर्ट, अभ्यासाची पुस्तकं वगैरे वर्डमधून काढून वेबवर नाहीतर ईपबमध्ये न्यायचं, आणि चित्रांच्या जवळपास प्रत्येक भानगडीचं मूळ एकाच जागी सापडतं. वर्डच्या पानावर जे दिसतं ते वेगळं आणि फाईलच्या पोटात जे पडलेलं असतं ते वेगळं. कन्व्हर्टर बिचारा पोटातलं उचलतो. म्हणून आधी पोटात काय आहे ते बघायचं, मग बाकीचं.

ते बघणं सोपं आहे. २००७ पासूनची डॉकएक्स फाईल ही खरं तर एक झिप असते. फाईलची कॉपी करा (कॉपीच, मूळ फाईलला हात लावू नका), तिचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडा. विंडोजमध्ये एक्स्टेन्शन दिसतच नसेल तर आधी ते दाखवण्याचं सेटिंग चालू करा, नाहीतर नाव बदलल्यासारखं वाटतं आणि फाईल तीच राहते. सेव्हन झिप असेल तर नाव बदलायचीही गरज नाही, राइट क्लिक करून सरळ उघडते. आत वर्ड नावाचा फोल्डर, त्यात मीडिया नावाचा फोल्डर, आणि त्यात तुमची सगळी चित्रं इमेज१, इमेज२ अशा नावांनी. लिबरऑफिसची ओडीटी असेल तर तीही झिपच, फक्त तिथे फोल्डरचं नाव पिक्चर्स आणि फाइलींची नावं आकडे-अक्षरांची लांबलचक. जुनी डॉक फाईल असेल तर ती अशी उघडत नाही, आधी डॉकएक्स म्हणून सेव्ह करावी लागते, पण थांबा, सेव्ह करण्याआधी पुढचा परिच्छेद वाचा.

वर्ड सेव्ह करताना गुपचूप चित्रं बारीक करतं. बऱ्याच व्हर्जनमध्ये डिफॉल्ट २२० पीपीआय असतं, म्हणजे पानावर चित्र जेवढ्या इंचात दिसतंय त्या प्रत्येक इंचाला २२० पिक्सेल ठेवायचे आणि बाकीचे फेकून द्यायचे. कुणीतरी ४००० पिक्सेलचा फोटो टाकला, पानावर ३ इंचाचा करून ठेवला आणि फाईल सेव्ह केली, की फोटो ६६० पिक्सेलचा झाला. नंतर तुम्ही तो खेचून ६ इंच केला तरी गेलेले पिक्सेल परत येत नाहीत. तुमची जी चित्रं धूसर आलीत त्यातली बरीचशी याच कारणाने असतील. ऑप्शन्समध्ये अॅडव्हान्स्डमध्ये इमेज साइज अँड क्वालिटी असा भाग आहे, तिथे चित्रं कॉम्प्रेस करू नका अशी खूण आहे, ती करून ठेवा. हे सेटिंग त्या त्या फाईलपुरतं असतं हे लक्षात ठेवा, एका फाईलमध्ये खूण केली म्हणून दुसरी वाचत नाही.

आणि 'सेव्ह अॅज वेब पेज, फिल्टर्ड' हा रस्ता चित्रांसाठी वापरू नका. मजकुरासाठी तो कधीकधी उपयोगी पडतो, पण चित्रं तो पानावर दिसतात त्या मापाची नवीन बनवून देतो, तीही साधारण ९६ पीपीआयच्या हिशोबाने, म्हणजे आधीच बारीक झालेलं चित्र अजून बारीक. मीडिया फोल्डरमधलं चित्र जवळपास नेहमीच त्याच्यापेक्षा चांगलं निघतं. पॅनडॉक (फाईल एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर त्यात मीडिया वेगळी काढायचा पर्याय आहे, तो मीडिया फोल्डरमधल्याच फाइली जशाच्या तशा बाहेर काढतो.

पण सगळ्यात चांगली फाईल मीडिया फोल्डरमध्येही नसते, ती ज्याने चित्र बनवलं त्याच्याकडे असते. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि बरेच जण कंटाळा करतात. लेखकाला एक मेल टाका, की मूळ फोटो, मूळ एक्सेल, मूळ ड्रॉइंग जे असेल ते पाठवा. दीडशेपैकी चाळीस जरी मूळ मिळाली तरी तुमचं काम निम्म्यावर येतं, कारण बहुतेक वेळा नेमकी तीच अवघड असतात.

आता जरा गंभीर गोष्ट, आणि इथे कृपया घाई करू नका. वर्डमध्ये चित्र क्रॉप केलं की कापलेला भाग दिसेनासा होतो, पण बऱ्याचदा फाईलमध्ये तसाच असतो. वर्ड फक्त लिहून ठेवतं की डावीकडून इतके टक्के झाकायचे, वरून इतके झाकायचे. बहुतेक कन्व्हर्टर ती नोंद बघत नाहीत, पूर्ण चित्र बाहेर काढतात. नुसतं दिसायला वाईट दिसलं तर एक वेळ चालेल, पण माझ्याकडे एकदा एका संस्थेचं ट्रेनिंग मॅन्युअल आलं होतं, त्यात सॉफ्टवेअरचे स्क्रीनशॉट होते, लेखकाने फॉर्मचा भाग तेवढा क्रॉप केला होता, आणि मीडिया फोल्डरमध्ये पूर्ण स्क्रीन होती, बाजूला उघडा इनबॉक्स, त्यात माणसांची नावं आणि मेलचे विषय. त्याच फाईलमध्ये दुसरीकडे लोकांच्या नावांवर काळे चौकोन काढले होते. ते चौकोन म्हणजे वर्डचे वेगळे शेप, चित्राचा भाग नव्हेतच, मीडिया फोल्डरमध्ये नावं स्वच्छ वाचता येत होती. कन्व्हर्ट करून तसंच वेबवर टाकलं असतं तर काय झालं असतं याचा विचार केला की अजून पोटात गोळा येतो. तेव्हापासून माझा नियम असा की मीडिया फोल्डरमधलं प्रत्येक चित्र डोळ्यांनी बघायचं, दीडशे असोत नाहीतर हजार, आणि पानावरच्या चित्राशी ताडून बघायचं. जिथे फरक दिसतो तिथे क्रॉप किंवा झाकणं चित्राच्या फाईलमध्येच करायचं, जिंपमध्ये किंवा कुठल्याही एडिटरमध्ये, आणि काळा चौकोन टाकून एकाच लेअरची, म्हणजे वेगळे थर न ठेवता सपाट केलेली, पीएनजी बनवायची. अंधुक करून नाव लपवू नका, चौकोन भरीव काळाच हवा.

(वर्डमध्ये कॉम्प्रेस पिक्चर्समध्ये कापलेला भाग डिलीट करायची सोय आहे, ती वापरता येते, पण त्याच खिडकीत रिझोल्यूशनही असतं, तिकडे लक्ष दिलं नाही तर सगळ्या चित्रांचा बळी जातो. मी बाहेरच क्रॉप करतो.)

जसं क्रॉपचं तसंच फिरवणं, रंग बदलणं, ब्राइटनेस वाढवणं यांचं. वर्डमध्ये केलेलं यातलं काहीही मीडिया फोल्डरमधल्या फाईलवर उमटलेलं नसेल असंच धरून चाला. आणि बाणांचंही तेच, स्क्रीनशॉटवर लाल बाण आणि १, २, ३ असे गोल काढलेले असतात ते वेगळे शेप असतात, कन्व्हर्ट झाल्यावर बाण एकीकडे आणि चित्र एकीकडे, किंवा बाण गायब. मॅन्युअलमध्ये हे फार असतं. ते बाण चित्राच्या फाईलमध्ये नव्याने काढावेच लागतात, याला पळवाट नाही, वेळ धरून ठेवा.

आता तुमची जी चित्रं आलीच नाहीत त्यांच्याबद्दल. ही बहुतेक चित्रंच नसणार. वर्डमध्ये काढलेले फ्लोचार्ट, स्मार्टआर्ट (वर्डमधल्या तयार साच्यांच्या आकृत्या), एक्सेलमधून आणलेले चार्ट, हे सगळं पानावर चित्रासारखं दिसतं पण फाईलमध्ये ते एक्सएमएलमधलं, म्हणजे मजकुराच्या रूपातलं, वर्णन असतं, मीडिया फोल्डरमध्ये त्याची चित्र-फाईल नसतेच. चार्ट चार्ट्स नावाच्या फोल्डरात, स्मार्टआर्ट डायग्राम्समध्ये, आणि शेप तर मजकुराच्या एक्सएमएलमध्येच. यासाठी माझी पद्धत अशी, की ज्या मशीनवर फाईल बरोबर दिसते, सगळे फॉन्ट आहेत, त्याच मशीनवर वर्डमधून पीडीएफ काढायची आणि ते पान इंकस्केपमध्ये (रेषांची चित्रं काढायचा प्रोग्रॅम) उघडून हवी ती आकृती वेगळी करून एसव्हीजी (चित्र रेषांच्या रूपात ठेवणारा फॉरमॅट) म्हणून सेव्ह करायची. पीडीएफमध्ये रेषा रेषाच राहतात, पिक्सेल होत नाहीत, त्यामुळे कितीही मोठं करा, धार सुटत नाही. इंकस्केप पीडीएफ उघडताना अक्षरांचं काय करायचं ते विचारतं, तिथे देवनागरी मजकूर असेल तर अक्षरांच्या आकृत्या करून घ्या, नाहीतर जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटलेल्या निघतात. अर्थात आकृत्या झाल्या की तो मजकूर सर्चमध्ये सापडत नाही आणि स्क्रीनरीडरलाही (दृष्टिहीनांना स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) वाचता येत नाही, म्हणून मग ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राचं शब्दांतलं वर्णन, नीट लिहावं लागतं, त्याबद्दल खाली लिहितो.

चित्राची लिंक दिलेली असते तेव्हाही चित्र गायब होतं. म्हणजे फाईलमध्ये चित्र नाही, फक्त लेखकाच्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरचा पत्ता. ती फाईल मागवायलाच लागते.

रिकामे चौकोन आलेत ते मात्र वेगळं प्रकरण आहे. मीडिया फोल्डरमध्ये ईएमएफ किंवा डब्ल्यूएमएफ एक्स्टेन्शनच्या फाइली आहेत का बघा. मी पैजेवर सांगतो, असतील. हे विंडोजचे जुने व्हेक्टर (चित्र पिक्सेलऐवजी रेषांत ठेवणारे) फॉरमॅट, डब्ल्यूएमएफ तर १६ बिट विंडोजच्या काळातला, जुन्या इक्वेशन एडिटरची समीकरणं आणि इतर प्रोग्रॅममधून पेस्ट केलेले ग्राफ हमखास या रूपात असतात. ब्राउझर ते दाखवत नाही, ईपबमध्येही ते चालत नाहीत. विंडोजवरच्या इंकस्केपमध्ये किंवा लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडून एसव्हीजी करा. उघडल्यावर आधी ४०० टक्के झूम करून बघा, रेषा गुळगुळीत असेल तर खरं व्हेक्टर आहे, पायऱ्या दिसल्या तर आत नुसतं बिटमॅप (पिक्सेलचं चित्र) कोंबलेलं आहे आणि एसव्हीजी करून काही फायदा नाही, पीएनजी करा. ईएमएफमध्ये फॉन्टचं फक्त नाव असतं, फॉन्ट नसतो, त्यामुळे दुसऱ्या मशीनवर अक्षरं बदलतात, एकमेकांवर चढतात. ग्रीक चिन्हांच्या जागी भलतंच काही दिसायला लागलं तर कारण हेच. समीकरणं असतील तर मी म्हणेन चित्र करूच नका, परत टाइप करून मॅथएमएल (वेबवर समीकरणं लिहायची पद्धत) करा, थोडी असतील तर तासाभराचं काम आहे. टेबलचा फोटो टाकलेला असेल तर तेही तसंच, टेबल टाइप करा.

फॉरमॅट कुठला, यावर लोक उगाच वाद घालतात. फोटोला जेपेग, स्क्रीनशॉटला आणि रेषांच्या चित्राला पीएनजी, व्हेक्टर मूळ असेल तर एसव्हीजी. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडून बारकावे टाकून देतं, फोटोत ते कळत नाही, पण अक्षराच्या कडेला घाण दिसते, आणि रंगाची माहिती तर ते बहुतेक वेळा अर्ध्या रिझोल्यूशनवर ठेवतं म्हणून पांढऱ्यावरचा लाल मजकूर जेपेगमध्ये सगळ्यात आधी फिसकटतो. स्क्रीनशॉट एकदा जेपेग होऊन आलेला असेल तर त्याचा पीएनजी करून तो सुधारत नाही, नुसती फाईल फुगते, परत काढता येत असेल तर परत काढा. जेपेग पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह करू नका, प्रत्येक वेळी थोडं जातं. काम चालू असेपर्यंत पीएनजी किंवा टिफमध्ये ठेवा आणि शेवटी एकदाच जेपेग काढा, क्वालिटी ८० ते ८५ पुरते. टिफ आणि बीएमपी ईपबमध्ये तशाच टाकू नका. वेबपी हा फॉरमॅट वेबवर बिनधास्त वापरा, पण ईपबमध्ये तो ३.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून अधिकृत झाला, जुन्या रीडरवर वाचणारे असतील तर जेपेग-पीएनजीच बरे. छापखान्यासाठी बनवलेले सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या हिशोबाचे) जेपेग आले असतील तर एसआरजीबी (स्क्रीनचे रंग) करून घ्या, नाहीतर काही रीडरवर रंग अगदी भडक किंवा उलटेच दिसतात.

मापाबद्दल एक गैरसमज कायमचा काढून टाका. वेबसाठी डीपीआयचा, म्हणजे एका इंचात किती ठिपके याचा, आकडा निरर्थक आहे. फाईलवर ७२ लिहिलंय की ३०० याने ब्राउझरला काही फरक पडत नाही, पिक्सेल किती ते महत्त्वाचं. तुमच्या पानाचा मजकुराचा पट्टा ८०० पिक्सेल रुंद असेल तर पूर्ण रुंदीचा फोटो १६०० पिक्सेलचा द्या, कारण आताच्या बऱ्याच स्क्रीन दुप्पट घनतेच्या आहेत. त्याहून मोठा देऊन नुसतं वजन वाढतं. छपाईची वेगळी प्रत निघणार असेल तर तिथे इंचाचा हिशोब आला, ६ इंची फोटोला ३०० ने गुणून १८०० पिक्सेल, आणि नुसत्या काळ्या रेषांचं स्कॅन असेल तर ६०० किंवा जास्त. दोन्हीसाठी एकच मोठी मास्टर प्रत ठेवा आणि त्यातून लहान काढा. इरफानव्ह्यू किंवा इमेजमॅजिकने सगळ्या फोल्डरवर एकदम करता येतं, फक्त लहान चित्रं मोठी करू नकोस हा पर्याय आठवणीने लावा, ६६० चा फोटो ताणून १६०० केला तर धूसरच राहणार.

स्क्रीनशॉट मात्र लहान करू नका. आतली अक्षरं मोजक्या पिक्सेलची असतात, लहान केलं की गेली. १९२० रुंदीची पूर्ण स्क्रीन देण्यापेक्षा ज्या डायलॉगबद्दल बोलताय तेवढाच भाग कापून मूळ मापात द्या, वाचणाऱ्यालाही तेच हवं असतं. मोजक्या रंगांची पीएनजी, म्हणजे पॅलेट असलेली, रिसाइज करायचीच वेळ आली तर आधी तिला आरजीबी (पूर्ण रंगांची) करा, मग माप बदला, नाहीतर कडा दातेरी होतात. हे लोकांना माहीत नसतं आणि मग ते सॉफ्टवेअरला दोष देतात.

अजून एक, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी. पांढऱ्या पानावर काळ्या रेषांची आकृती छान दिसते, वाचकाने रीडर नाइट मोडमध्ये टाकला की काळ्यावर काळं, आकृती नाहीशी. आकृत्यांना पांढरी पार्श्वभूमी भरा. एसव्हीजीलाही मागे एक पांढरा चौकोन टाका.

नावं. इमेज१७ असं नाव ठेवू नका, धडा आणि आकृती क्रमांकावरून ठेवा, धडा तीनची सातवी आकृती असेल तर ०३-०७ असं, आकड्याआधी शून्य, म्हणजे यादी बरोबर क्रमाने लागते. इंग्रजी लहान लिपी, स्पेस नाही, देवनागरी नाव नाही. देवनागरी नावं आता बऱ्याच ठिकाणी चालतात हे खरं, पण झिप करून एका मशीनवरून दुसरीकडे नेताना अजूनही नावांचा कचरा होतो आणि मग सगळ्या लिंक तुटतात. मोठी-लहान लिपी विंडोजला सारखीच वाटते, लिनक्स सर्व्हरला वाटत नाही, त्यामुळे तुमच्याकडे दिसणारं चित्र सर्व्हरवर गेल्यावर दिसत नाही. मीडिया फोल्डरमधला क्रम आणि आकृतीचा क्रम एकच असेल असं धरू नका, एकच चित्र दोनदा वापरलं असेल तर फाईल बहुधा एकच असते. कुठलं चित्र कुठे हे वर्ड फोल्डरमधल्या रेल्स नावाच्या सबफोल्डरात लिहिलेलं असतं, पण मी आपली साधी एक्सेल शीट करतो: जुनं नाव, नवीन नाव, पान, आकृती क्रमांक, काय करायचंय, झालं का. दीडशे चित्रांना ही शीट नसेल तर तिसऱ्या दिवशी तुम्ही हरवता.

ऑल्ट टेक्स्ट वर्डमध्येच, कन्व्हर्ट करण्याआधी लिहा, चित्रावर राइट क्लिक करून. बहुतेक कन्व्हर्टर ते बरोबर पुढे नेतात. पण आधीपासून आत काय आहे ते बघा, काही व्हर्जनमध्ये वर्ड आपोआप काहीतरी इंग्रजी वर्णन भरतं, ते तसंच पुस्तकात जातं आणि दृष्टिहीन वाचकाला ग्राफच्या जागी 'स्क्रीनशॉट ऑफ अ कॉम्प्युटर' असलं काहीतरी ऐकायला लागतं. कॅप्शन परत ऑल्टमध्ये कॉपी करू नका, तो दोनदा तेच ऐकतो. आकृतीत जे दिसतंय आणि मजकुरात जे सांगितलेलं नाही ते लिहा. ग्राफ असेल तर रेघ कुठून कुठे गेली ते.

वर्डमध्ये शेवटचं काम म्हणजे प्रत्येक चित्राचं लेआउट 'इन लाइन विथ टेक्स्ट' करा, म्हणजे चित्र अक्षरासारखं ओळीत बसतं. तरंगणारं चित्र ज्या परिच्छेदाला टाचलेलं असतं तिथे जाऊन पडतं, पानावर दिसतं तिथे नाही, आणि मग आकृती पाचचं कॅप्शन आकृती सहाखाली येतं. चित्र एका स्वतंत्र परिच्छेदात, कॅप्शन त्याच्या पुढच्या परिच्छेदात कॅप्शन स्टाइलने. टेक्स्टबॉक्समध्ये ठेवलेली कॅप्शन बाहेर काढा, ती हमखास हरवतात.

मग कन्व्हर्ट करा, आणि आलेल्या चित्रांच्या जागी त्याच नावाने तुमची तयार केलेली ठेवा किंवा लिंक बदला. फॉरमॅट बदलला असेल तर एक्स्टेन्शनही बदला, पीएनजी नावाची जेपेग फाईल ब्राउझर गपचूप दाखवतो पण ईपबचेक (ईपबची फाईल तपासणारा प्रोग्रॅम) अडवतं, आणि अडवतं ते बरंच आहे. ईपबचेक चालवल्याशिवाय ईपब कुणाला पाठवू नका. एचटीएमएलमध्ये कन्व्हर्टरने चित्राची रुंदी-उंची इंचांत लिहिली असेल, पॅनडॉक तसं करतं, ती काढून टाका आणि स्टाइलमध्ये कमाल रुंदी १०० टक्के, उंची ऑटो ठेवा, नाहीतर मोबाइलवर चित्र पानाबाहेर जातं.

आणि सगळ्यात आधी, आज संध्याकाळीच, फाईलची कॉपी झिप म्हणून उघडून मीडिया फोल्डर बघा. त्यात पीएनजी किती, जेपेग किती, ईएमएफ किती, आणि ६०० पिक्सेलपेक्षा लहान किती ते मोजून इथे लिहा, त्यावरून कुठली चित्रं परत मागवायची आणि कुठली आहेत तशी चालतील ते मी सांगतो.